लोहासुराचे वारस

गावचा लोहार म्हटला की ऐरण, घण आणि भाता डोळ्यांसमोर येतो. त्याच्या ऐरणीवरचे लोखंड पूर्वी दगडातून कोण काढीत असे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या डोंगराळ भागातील अगरिया आणि झारखंडमधील असुर या आदिवासी समाजांचे ते पिढीजात काम होते. मातीची भट्टी, सालवृक्षाचा कोळसा आणि पायांनी चालविलेला भाता एवढ्या साधनांवर त्यांनी आसपासच्या खेड्यांना फाळ व कुऱ्हाडी पुरविल्या.

त्यांची दैवतेही या श्रमांतूनच जन्मली. व्हेरियर एल्विन यांच्या १९४२ सालच्या ग्रंथात अगरियांच्या लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर या दैवतांची नोंद आहे. म्हणजे लोखंड, कोळसा आणि अग्नी. लोगुंडी राजाचे लोहरीपूर सूर्याने जाळले, असे अगरिया सांगतात. मुंडांच्या कथेत असुरांच्या भट्ट्यांच्या धुराने त्रस्त झालेला सिंगबोंगा कपटाने त्यांनाच भट्टीत जाळतो. दोन्ही कथांत लोखंड निर्माण करणाराच आगीत होरपळतो.

इतिहासातील घाला मात्र कोणा देवाने घातलेला नाही. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारच्या ताब्यात गेले आणि राखीव जंगलात कोळशासाठी झाड तोडणे गुन्हा ठरले. भट्ट्यांवर कर बसला. विलायती लोखंडाने बाजार व्यापला. ‘यंत्रयुगापुढे जुनी कला टिकली नाही’ हे म्हणूनच अर्धसत्य होय. तिचा कच्चा माल कायद्याने हिरावला गेला होता.

२०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत लोहाराला तीन लाखांपर्यंत कर्ज आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांची तरतूद आहे. ही मदत नाकारण्याचे कारण नाही. परंतु कारागिराच्या हातात हातोडा देणारे शासन जंगल आणि खनिज यांवरील त्याच्या हक्काविषयी काय म्हणते? असुरांच्या नेतरहाट पठारावर आज बॉक्साइटच्या खाणी आहेत. खनिजाची पारख ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांच्याच भूमीतून खनिज बाहेर जात आहे.

जुन्या भट्ट्या पुन्हा पेटवाव्यात, असा आग्रह कोणी धरणार नाही. मागणी आजची आहे: २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्कांचे दावे मंजूर व्हावेत आणि खाणींबाबत ग्रामसभेचा शब्द निर्णायक असावा. लोहासुराच्या कथा संग्रहालयात जपल्या जातीलच. त्या सांगणाऱ्यांचा जमिनीवरील आणि जंगलावरील हक्क संघटित लढ्यानेच मिळवावा लागेल.