मांजराला कोरडी गोळी देऊ नका

मांजराने खाल्लेले बाहेर टाकले की घरोघरी एकच उत्तर मिळते : "केस गिळले असतील, गवत खाईल नि बरे होईल." आमच्या मते हे उत्तर फार सोपे आहे. कणगीतले भात उंदरांपासून राखणाऱ्या जनावराकडे याहून नीट पाहायला हवे.

ओकणे वेगळे आणि घास परत येणे वेगळे. ओकताना मांजराच्या पोटाला जोराचे हिसके बसतात, कधी पिवळे पित्त पडते. अन्ननलिकेत बिघाड असेल, तर बहुधा खाल्ल्यावर थोड्याच वेळात, हिसका न बसता, न पचलेला घास तसाच बाहेर येतो. मांजर पुन्हा भुकेने खायला धावते, पण दिवसेंदिवस वाळत जाते. एवढे पाहून सांगितले तरी डॉक्टरांना रोग शोधणे सोपे जाते. म्हशीसाठी ते गोठ्यात येतातच; तेव्हा मांजरही दाखवायला लाज कसली?

माशाचा काटा, हाड, गळ, सुईदोरा अडकणे ही कारणे आपल्याला ठाऊक असतात. (तोंडातून दोरा लोंबत असला तरी ओढू नये, आतडे कापले जाऊ शकते.) औषधाची गोळी मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. कोरडी गोळी घशात टाकून तोंड मिटून धरले की काम झाले असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती अन्ननलिकेतच चिकटून राहू शकते. डॉक्सिसायक्लिनची गोळी तिथे विरघळली तर आतले अस्तर भाजते, व्रण होतो, आणि तो भरताना नलिका आवळते. मग काही दिवसांनी पातळ पेजच काय ती खाली उतरते. पुढे बेरियम पाजून क्ष-किरण फोटो, दुर्बिणीने तपासणी, फुगा घालून नलिका रुंद करणे, तेही पुन्हा पुन्हा. खेड्यात ही सोय कुठली?

म्हणून गोळीमागून ५-६ मिलिलिटर पाणी, सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या कडेने हळूहळू पाजावे. किंवा लगेच थोडे खायला घालावे. घरातली माणसांची गोळी तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

नलिका सैल पडून फुगली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उंचावर ताटली ठेवून थोडे थोडे भरवावे आणि नंतर १०-१५ मिनिटे मांजराला उभे धरावे. घास श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसे सुजतात. खोकला, ताप, धाप दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.