परीक्षक घडणार कोठे?

संपादक महोदय यांस,

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनानंतर नोकरदाराने आपल्या व्यवसायाकडे आणि स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, यासंबंधी आपल्या व्यवसायमार्गदर्शन पुरवणीत आलेला लेख मी साद्यंत वाचला. आणि त्यातील सूचना एकेक करून घेतल्या तर माझे त्यांच्याशी भांडण नाही, हे प्रारंभीच नमूद करतो. नवे साधन हाताळून पाहावे, हुद्द्याचा अभिमान सैल करावा, पन्नाशीतही विद्यार्थी होण्याची लाज बाळगू नये, हे सारे ठीकच आहे. माझा आक्षेप आहे तो या सूचनांच्या बेरजेवर. यंत्र कोणी, केव्हा व कशासाठी आणावे हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न, आणि त्यातून उद्भवणारे सारे फेरफार सोसण्याची तजवीज मात्र ज्याने त्याने आपल्या खर्चाने, आपल्या झोपेच्या वेळात करावी, अशी ती बेरीज होते. ज्या गावातून मी हे पत्र लिहीत आहे, ते गाव अशा हिशेबाने उभे राहिलेले नाही.

2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारान्वये दुर्ग जिल्ह्यात, आमच्या भिलाईला, पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. मधल्या चार वर्षांत आंध्र-केरळातून, बंगाल-पंजाबातून आणि भोवतालच्या छत्तीसगढी खेड्यांतून माणसे येथे रुजू झाली. विदर्भातून आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना तर हा परमुलुख वाटण्याचेही कारण नव्हते, कारण 1956 पर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. यांपैकी बहुतेकांनी झोतभट्टी चित्रातसुद्धा पाहिलेली नव्हती. त्यांना ‘बदला, नाहीतर मागे पडाल’ एवढे बजावून कोणी मोकळे झाले नाही. अभियंत्यांना प्रशिक्षणासाठी रशियात धाडण्यात आले, कारागिरांना शिकवण्याची सोय येथेच करण्यात आली, परकीय तज्ज्ञांच्या जोडीला दुभाषे देण्यात आले. शेतकऱ्याचा मुलगा पोलादकामगार झाला, हे व्यावसायिक रूपांतर आजच्या कोणत्याही रूपांतराहून लहान नव्हते. पण ते ज्याला हवे होते त्याने त्याचा खर्चही उचलला होता.

माझी हयात आरेखनाच्या कामात गेली, म्हणून पुढचा मुद्दा मी त्या दफ्तराच्या भाषेत मांडतो. यंत्रभागाच्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असे, आणि तीत काढणारा, ट्रेस करणारा, तपासणारा व मंजुरी देणारा अशा चौघांच्या सह्यांसाठी घरे आखलेली असत. नवा मुलगा ट्रेसिंगच्या मेजावर बसे. दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचा, चुकलेली रेघ ब्लेडने हलकेच खरवडायची, आणि अमोनियाच्या वासाने कोंदलेल्या खोलीत प्रती निघेपर्यंत ताटकळायचे, हे काम पदविका घेतलेल्या माणसाला कमीपणा आणणारे आहे असे त्याला वाटे. आणि ते वाटणे अगदीच निराधार होते असे नाही. तथापि दुसऱ्याच्या रेघांवरून आपला हात वर्षानुवर्षे फिरवता फिरवता, बेअरिंगभोवती एवढी जागा का सोडली आहे, अमुक बोल्ट आवळायला पाना घेतलेला हात आत शिरेल की नाही, हे कोणी न सांगता त्याच्या डोळ्यांना उमगू लागे, आणि यथाकाल त्याची सही तपासणाऱ्याच्या घरात पडू लागे. पुढे संगणक आला, ऑटोकॅड आले, ट्रेसरचे पद गेले. त्याबद्दल मला हळहळ नाही. कारण संगणकावर रेघ ओढण्याचे काम पुन्हा नवख्याच्याच वाट्याला आले, आणि एक पायरी गेली तरी जिना शाबूत राहिला.

आता जे येत आहे त्याची जात निराळी आहे. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांच्या हाती आले, तेव्हापासून आपण पाहत आहोत की पत्राचा पहिला मसुदा, अहवालाचा गोषवारा, संगणक प्रणालीतील ठरावीक तुकडे, करारातील नेहमीची कलमे, नेमकी हीच कामे यंत्र प्रथम उचलते; म्हणजे वकिलाकडचा कनिष्ठ, सनदी लेखापालाकडे आर्टिकलशिप करणारा मुलगा, पुण्या-बंगळूरच्या कंपनीत नुकतीच लागलेली मुलगी, यांच्या उमेदवारीचे जे काम, ते. आपले लेखक कर्त्या माणसाला सांगतात की, यापुढे तू काम करणारा न राहता यंत्राच्या कामाचा परीक्षक हो. फार चांगले. पण हा परीक्षक घडणार कोठे? आज जो यंत्राच्या उत्तरातील दोष पकडू शकतो, तो कालच्या ट्रेसिंगच्या मेजाने घडवलेला आहे. तो निवृत्त झाल्यावर त्या घरात सही कोणाची पडणार, याचा विचार ना मालक करताना दिसतो, ना मार्गदर्शक.

मी यंत्राचा वैरी आहे, असा समज कृपया होऊ नये. भिलाईच्या रुळांवरून देशाच्या आगगाड्या धावतात, आणि रुळाच्या पोटातील जो दोष अनुभवी डोळ्यालाही दिसत नाही तो अल्ट्रासॉनिक तपासणीत सापडतो. तेथे माणसाच्या डोळ्याचा हट्ट धरणे हा प्रवाशांशी द्रोह होईल. प्रश्न यंत्र आणण्याचा नसून ते कोणत्या क्रमाने व कोणाच्या विचाराने आणायचे याचा आहे, आणि त्याचेही उदाहरण आमच्याच भागात आहे. 1978 साली बस्तरातील बैलाडिलाच्या लोहखाणींत यांत्रिकीकरणापायी हजारो मजुरांच्या पोटावर पाय आला, असंतोष पेटला आणि त्या एप्रिलमध्ये गोळीबार झाला. भिलाईला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी ते पाहिले. आणि शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघाने नुसता विरोध न करता अर्ध-यांत्रिकीकरणाची प्रतियोजना व्यवस्थापनापुढे ठेवली. जे काम मनुष्यबळाला झेपत नाही ते यंत्राने करावे, जे झेपते ते माणसाकडे राहावे, अशी तिची मांडणी होती. 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगींची भिलाईतच हत्या झाली; पुढे यंत्रांचा विस्तार व्हायचा तो झालाच, आणि ती योजना अव्यवहार्य होती असे म्हणणाऱ्यांचे फावले. मला ते पटत नाही. कोणते काम कोणाकडे राहील, हे यंत्र येण्यापूर्वी आणि काम करणाऱ्यांच्या समक्ष ठरावे, एवढा आग्रह अव्यवहार्य ठरत असेल, तर व्यवहार या शब्दाखाली आपण फक्त मालकाची सोय मोजतो, असेच म्हणावे लागेल.

कायद्याने हा विषय अगदीच वाऱ्यावर सोडलेला नाही. ज्या सुधारणेमुळे कामगारकपात संभवते तिची आगाऊ नोटीस मालकाने द्यावी, ही तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. मात्र व्यवस्थापकीय काम करणारे तिच्या कक्षेबाहेर राहतात. आणि कपात झालेल्या कामगाराच्या पुनःप्रशिक्षणासाठी ही संहिता मालकाकडून घेते किती? त्याच्या अखेरच्या वेतनाच्या हिशेबाने 15 दिवसांचा पगार! ज्या व्यवसायात माणसाने वीस वर्षे घातली, तो सोडून दुसरा शिकायला 15 दिवसांचा पगार पुरतो, ही कल्पना कोणत्या मेजावर सुचली असेल, याचे मला राहून राहून कुतूहल वाटते.

माझ्या मते करण्यासारखे आहे ते साधे आहे, पण फुकट नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये 30 किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. हा आकडा कागदोपत्री भरला जातो. त्या उमेदवाराला काम कोणते दिले, हे कोणी विचारत नाही. यंत्राला प्रश्न घालून आलेले उत्तर पुढे सरकवणे हे जर त्याचे काम असेल, तर ते शिक्षण नव्हे, हमाली होय. पहिला मसुदा त्याने स्वतः करावा, नंतर यंत्राचा मसुदा शेजारी ठेवावा, आणि जाणत्या माणसाने दोहोंतील फरक त्याच्यापुढे उलगडून दाखवावा, असा शिरस्ता पडला पाहिजे. यात जाणत्याचा वेळ जाईल, काम काहीसे मंदावेल, हे उघड आहे. यंत्रामुळे जी बचत होणार आहे तीतूनच ही भरपाई व्हावी. व्यक्तीने करायचे म्हणाल तर, आपण रेघ कशाने ओढतो यावर आपली ओळख न टांगता, कोणत्या कागदावर आपण जबाबदारीने सही करू शकतो यावर ती उभी करावी. एवढे तिच्या हाती आहे. ती योग्यता अंगी येईल असे काम तिला देणे, हे तिच्या हाती नाही.

तेव्हा आपणांस विनंती अशी की, पुढील पुरवणीत नोकरदारांना आणखी उपदेश छापण्याऐवजी मालकवर्गाला तीन प्रश्न विचारावेत: यंदा आपण नवखी माणसे किती घेतली, गेल्या पाच वर्षांत हा आकडा कसा बदलला, आणि त्यांचे काम तपासून त्यांना समजावून सांगण्यासाठी आपण कोणाला, आठवड्यातून किती तास मोकळीक दिली आहे. उत्तरे आली तर ती कंपनीच्या नावानिशी छापावीत. न आली तर तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त आरेखक,
सेक्टर 6, भिलाई