जुनी गादी कधी बदलावी?

"डॉक्टर, सकाळी उठलं की कंबर धरलेली असते. तासाभरात कामाला लागलं की सुटते." ही तक्रार दवाखान्यात रोज ऐकू येते. अशा रुग्णाला मी हमखास विचारतो, तुम्ही झोपता कशावर आणि ती गादी किती वर्षांची आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्या प्रश्नाला नवरा बायकोकडे बघतो आणि बायको नवऱ्याकडे. "लग्नातली असेल", "जुन्या घरातून आणलेली", "थोरल्याच्या बारशाला केली होती बहुतेक". फ्रिज कोणत्या दिवाळीला घेतला हे घरात सगळ्यांना पाठ असतं. रोज सात-आठ तास जिच्यावर पाठ टेकतो, त्या गादीचं वय मात्र कोणालाच ठाऊक नसतं.

म्हणून लोक विचारतात, गादी किती वर्षांनी बदलावी? जाहिराती आणि सल्ले सात, आठ, दहा असे आकडे सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे. वर्षं हे या बाबतीत कच्चं माप आहे. गादीची अवस्था बघा, तिच्यावर झोपणाऱ्याचं शरीर काय सांगतं ते बघा, आणि तिच्यावर घरातलं नेमकं कोण झोपतं तेही बघा. हा शेवटचा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही, आणि मला तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो.

वर्षं का मोजू नयेत?

सगळ्या गाद्या एकाच गतीने म्हाताऱ्या होत नाहीत. कापसाची गादी दबते, तिच्यात गाठी होतात, पण ती दुरुस्त होते. कापूस पिंजून, थोडा नवा घालून, नवी खोळ शिवली की ती पुन्हा उभी राहते. पूर्वी उन्हाळ्यात पिंजारी दारावर यायचा तो यासाठीच. आज तो दिसत नाही, पण गाद्या भरून देणारी दुकानं बहुतेक गावांत अजून आहेत. काथ्याची गादी हळूहळू कडक होते, काथ्या तुटतो आणि कडेने भुसा गळू लागतो. फोमची गादी वरून छान दिसते आणि आतून दम सोडते. एकदा बसलेला फोम पुन्हा वर येत नाही. स्प्रिंगची गादी कुरकुरायला लागते आणि एखादी स्प्रिंग पाठीला लागते.

त्यात वापराचा फरक. पाहुण्यांच्या खोलीतली गादी पंधरा वर्षांनीही ठणठणीत असू शकते. नव्वद किलोच्या माणसाने रोज वापरलेली स्वस्त फोमची गादी चार वर्षांत खड्डा पाडते. कंपनीची वॉरंटी हीसुद्धा कारखान्यातल्या दोषांसाठी असते. वॉरंटी संपली नाही म्हणजे गादी तुमच्या पाठीला योग्य आहे, असा तिचा अर्थ नाही.

खोलगट गादीत पाठीचं काय होतं?

आपल्या शरीराचा जड भाग म्हणजे कंबर आणि नितंब. गादी मध्येच दबली असेल तर हा भाग खाली जातो, खांदे आणि पाय वर राहतात, आणि पाठ झोळीतल्यासारखी वाकते. जागेपणी आपण अशा अवस्थेत दहा मिनिटंही बसणार नाही. झोपेत मात्र स्नायू आणि सांध्यांचे बंध तासन्‌तास ताणलेले राहतात. कुशीवर झोपणाऱ्यांची पाठ बाजूला वाकते. दोघांच्या पलंगावर मधोमध खड्डा असेल तर दोघंही रात्रभर त्यात घसरतात आणि स्वतःला कडेला ओढत राहतात. झोप मोडते, पण का मोडली ते सकाळी आठवत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मणक्यांमधल्या चकत्या रात्री पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी आपण एखादा सेंटीमीटर उंचही असतो. उठल्याउठल्या कंबर थोडी ताठ वाटणं त्यामुळे कोणालाही होऊ शकतं. उठल्यावर लगेच वाकून बादली उचलू नका, एवढं केलं तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं. ताठरपणा रोजचा झाला, दुखू लागलं, तर गादीकडे वळा.

घरच्या घरी तपासणी

१. चादर काढा. गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा आणि खड्ड्याची खोली पट्टीने मोजा. कोणी झोपलेलं नसतानाही इंच-दीड इंच खड्डा दिसत असेल, तर माणूस झोपल्यावर तो आणखी खोल जातो.

२. गादीवरून हात दाबत फिरवा. गाठी, पोकळ जागा, टोचणारी स्प्रिंग कळते. गुडघा टेकवून बघा. खालची फळी लागली तर गादी संपली.

३. गादी उचलून पलंग बघा. वाकलेलं प्लायवूड, सैल झालेली नवार, तुटलेली पट्टी यांचा दोष अनेकदा गादीवर जातो. तीच गादी आठवडाभर जमिनीवर टाकून झोपा. दुखणं गेलं तर पलंग दुरुस्त करा, गादीचे पैसे वाचले.

४. खोळ उघडून वास घ्या. शिवणींमध्ये काळे ठिपके दिसतात का बघा. ते बुरशीचे असू शकतात किंवा ढेकणांचे. ढेकूण असतील तर फक्त गादी फेकून उपयोग नाही. ते पलंगाच्या सांध्यांत आणि भिंतीच्या फटींतही असतात, आणि नव्या गादीत मुक्काम हलवतात. आधी त्यांचा बंदोबस्त, मग गादी.

५. सर्वात चांगली चाचणी फुकट आहे. लग्नाला, गावाला, लेकीकडे गेलात तेव्हा दुसऱ्या गादीवर सकाळ कशी गेली? तिथे चार दिवस कंबर दुखली नाही आणि घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दुखली, तर उत्तर मिळालं.

दमा आणि सर्दी असणाऱ्यांसाठी

गादीत डोळ्यांना न दिसणारे डस्ट माइट्स राहतात. आपल्या त्वचेचा कोंडा हे त्यांचं खाणं, आणि दमट हवा त्यांना मानवते. ते चावत नाहीत. त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची काहींना ॲलर्जी असते. सकाळी उठल्यावर शिंकांची माळ, नाक गच्च, दम्याची धाप. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे जास्त दिसतं. भिंतीला ओल असेल आणि गादी त्या भिंतीला चिकटून असेल तर आणखी.

चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात, साधारण ६० अंशांवर धुवा. कापसाच्या गादीला ऊन द्या, बाहेर नेऊन झोडपा, पण हे काम दम्याच्या रुग्णाने करू नये. फोमला कडक ऊन सोसत नाही, त्याला सावलीत वारा द्या. आतपर्यंत बुरशी गेलेली गादी मात्र धुऊन सुधारत नाही, ती काढून टाका.

तरीही अपेक्षा बेताची ठेवा. माइट्स रोखणारी खास कव्हरं ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक प्रौढ दमेकऱ्यांना देऊन बघितली गेली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकट्या कव्हरांचा फायदा दिसला नाही. तेव्हा नवी गादी आणली म्हणून इनहेलर बंद करायचा नाही.

ही गादी घरात कोणाच्या वाट्याला आली आहे?

आता मूळ मुद्दा. आपल्या घरांत जुनी गादी टाकली जात नाही, ती सरकते. नवी गादी मोठ्या बेडरूममध्ये येते, तिथली मुलांच्या खोलीत जाते, आणि मुलांची आजीच्या खाटेवर. "आईला काय, तिला कशावरही झोप लागते." आजीही म्हणते, "मला कशाला नवी? माझं आता किती राहिलंय?" हिशेब काटकसरीचा दिसतो, पण तो उलटा आहे. घरातली सर्वात जुनी गादी घरातल्या सर्वात वृद्ध माणसाखाली जाते. त्या माणसाचे दिवसातले कदाचित चौदा-सोळा तास तिच्यावर जातात.

वयाबरोबर त्वचा पातळ होते आणि हाडांवरचं मांस कमी होतं. माकडहाड, खुबे आणि टाचा थेट गादीवर टेकतात. गादी दबलेली असेल तर त्या जागी रक्तपुरवठा अडतो. त्यात लघवीचा ओलावा असेल तर त्वचा भिजून फाटते. बिछान्यातल्या जखमेची सुरुवात अशी होते, एका लाल चट्ट्याने. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल तर टाचेला जखम होईपर्यंत रुग्णाला कळतही नाही. ही जखम भरायला महिने लागतात. तिच्या ड्रेसिंगच्या खर्चात चांगल्या गाद्या येतात.

म्हणून आज एक काम करा. आई, सासूबाई किंवा आजोबा झोपलेले असताना त्यांच्या माकडहाडाच्या खाली, गादी आणि फळी यांच्या मध्ये तळहात सरकवा. गादी इतकी चपटली असेल की हाताला हाड टेकल्यासारखं जाणवतं, तर गादी आजच बदलायला हवी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी हवेची गादी लागते का ते डॉक्टरांना विचारा. पण हवेची गादी असली तरी रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी.

पलंगाची उंचीही बघा. बसल्यावर पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत. गादी फार बसली की गुडघेदुखीच्या माणसाला उठताना कसरत होते. हौसेने दहा इंची गादी आणली तर पाय लोंबकळतात आणि रात्री लघवीला उठताना पडण्याची भीती. खुब्याचं हाड मोडणं वृद्धांना किती महागात पडतं, हे वेगळं सांगायला नको.

तान्ह्या बाळाचंही तसंच. त्याला सपाट आणि घट्ट गादी हवी, पाठीवर झोपवायचं, उशी नको. मोठ्यांच्या जुन्या मऊ, खोलगट गादीत बाळाचं नाक-तोंड दबू शकतं.

सगळं खापर गादीवर फोडू नका

याच्या उलटही घडतं. लोक तीन गाद्या बदलतात आणि आजार मागे राहतो. पुढीलपैकी काही असेल तर गादीच्या दुकानात जाण्याआधी डॉक्टरकडे जा. रात्री झोपेतून उठवणारी, कूस बदलूनही न थांबणारी पाठदुखी. सोबत बारीक ताप, वजन घटणं, भूक जाणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आहे आणि तो असाच दबकत येतो. आधी कर्करोग झालेला असणं किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. तिशीच्या आतबाहेरच्या तरुणाची पाठ सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठ राहत असेल, हालचालीने मोकळी आणि विश्रांतीने वाईट होत असेल, तर तो मणक्याचा संधिवात असू शकतो. पायातली ताकद कमी होणं, शौचाच्या जागेभोवती बधीरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

नवी घेताना

पाठदुखीला फळी किंवा जमीनच उत्तम, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ९० दिवसांनी कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीवर झोपणाऱ्यांना दुखणं आणि अडचण कमी होती. 'ऑर्थोपेडिक' या छापील शब्दाला मात्र भुलू नका. तो शब्द म्हणजे डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन नव्हे.

दुकानात चप्पल काढून, तुम्ही झोपता त्याच कुशीवर, दहा-पंधरा मिनिटं खुशाल पडून राहा. पाठीवर झोपून कंबरेखाली हात घाला. हात आरपार सहज जात असेल तर गादी फार कडक, अजिबात शिरत नसेल तर फार मऊ. परत करण्याची मुदत मिळते का ते विचारा. लगेच नवी घेणं परवडत नसेल तर तोवर गादी फिरवा, डोक्याची बाजू पायाकडे करा, कापसाची असेल तर भरून घ्या. वर पातळ गादी टाकली तर कडकपणा कमी होतो, पण खड्डा भरत नाही.

आणि जुनीचं काय? ती घरकाम करणाऱ्या बाईंना देऊन टाकायचा विचार असेल तर थांबा. खड्डा पडलेली, बुरशी लागलेली गादी तुमच्या पाठीला चालत नाही, तर दिवसभर वाकून फरशी पुसणाऱ्या पाठीला कशी चालेल? द्यायची तर धड अवस्थेतली द्या.

घरात नवी गादी आली की ती कोणत्या खोलीत जाणार, हे सवयीने ठरू देऊ नका. जो जास्तीत जास्त वेळ अंथरुणात असतो आणि जो सर्वात कमी तक्रार करतो, त्याच्यापासून सुरुवात करा.