आपटलेला अल्बम आणि आमचे काका

ऑफिसला जाताना मी रोज मॅनहॅटनच्या फिफ्थ अव्हेन्यू-५३ स्ट्रीट या सबवे स्टेशनवर उतरतो. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल या जोडीच्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवरचा फोटो इथल्याच फलाटावर काढलेला आहे. दोघंही क्वीन्समध्ये वाढलेले, शाळेपासूनचे दोस्त. 'वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए. एम.' हा त्यांचा अल्बम ऑक्टोबर १९६४ मध्ये आला आणि सपशेल आपटला.

१२ गाण्यांपैकी ५ सायमनची. बाकी लोकगीतं, बॉब डिलनचं एक गाणं आणि चक्क एक लॅटिन स्तोत्र. दोन गोड आवाज आणि साधी गिटार. कुणी फारसं ऐकलंच नाही. सायमन इंग्लंडला गेला, गारफंकल कॉलेजात परतला.

पण काही रेडिओ स्टेशनांवर 'द साउंड ऑफ सायलेन्स' या गाण्याची फर्माईश येऊ लागली. जून १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सनने मूळ रेकॉर्डिंगवर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले. या दोघांना विचारलंसुद्धा नाही! जानेवारी १९६६ मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या मंडळाचा मागचा गणेशोत्सव. इथेच जन्मलेल्या दोन मुलींनी गिटार आणि ड्रमवर एक अभंग म्हटला. कार्यक्रम संपल्यावर एक ज्येष्ठ काका सगळ्यांसमोर म्हणाले, "अभंगाची पार वाट लावली!" यंदा त्या दोघींनी नावच दिलेलं नाही.

काकांची काळजी मला कळते. ड्रमच्या गोंगाटात शब्द बुडाले तर अभंगात उरलं काय? पण विल्सनने त्या दोघांच्या आवाजाला हात लावला नव्हता, म्हणून ते गाणं टिकलं. त्याचं न विचारणं मात्र मला आजही खटकतं. आपल्याकडे तर विचारायला माणसं समोरच बसलेली आहेत. काकांनी मुलींना 'ळ' शिकवावा, ओळीचा अर्थ सांगावा. ठेका कुठला धरायचा ते मुलींना ठरवू द्यावं.

आणखी एक गंमत. गाणं गाजल्यावर १९६६ मध्ये तोच पडलेला अल्बम पुन्हा बाजारात आणला. त्यात ड्रम नव्हते, एक सूरही बदललेला नव्हता. या वेळी तो बिलबोर्डच्या यादीत ३० व्या नंबरपर्यंत गेला. ड्रम ऐकून आलेली माणसं साध्या गिटारपर्यंत पोचली होती. उद्या आमची पोरंही त्या अभंगावरून अशीच मागे जात टाळ-मृदंगापर्यंत पोचतील, असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी आधी कुणीतरी तो त्यांच्या कानावर पडू द्यायला हवा.

यंदाच्या कार्यक्रमाची नावं अजून घेतायत. काका, तेवढा एक फोन त्या दोघींना कराच.