औषधाने रुग्णाच्या भाषेत बोलावे

आपल्या परिचयाच्या कोणत्याही घरात दिसणारे हे दृश्य आहे. घरातील आजी रोज सकाळी चष्मा लावून दासबोधाचा एक समास वाचतात, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, नातवंडांच्या मराठीच्या वहीतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखवितात. परंतु औषधांचा डबा उघडला की याच आजींची साक्षरता संपते. पांढरी लांबट गोळी सकाळी, गुलाबी लहान गोळी रात्री आणि चंदेरी पाकिटातील गोळी छातीत दुखले तर, अशी त्यांनी रंगरूपावरून खूणगाठ बांधलेली असते. पुढच्या महिन्यात दुकानदार तेच औषध दुसऱ्या कंपनीचे देतो, पांढऱ्या गोळीची पिवळी होते आणि सगळी खूणगाठ सुटते. मग नोकरीनिमित्त दूर असलेल्या मुलाला दूरध्वनी करायचा. तो म्हणतो, ‘‘आई, पाकिटाचे छायाचित्र पाठव, मी वाचून सांगतो.’’ आयुष्यभर वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्याच औषधासमोर निरक्षर करून सोडणारी ही व्यवस्था आपण इतक्या सहजपणे स्वीकारली आहे, की तिच्यात काही वावगे आहे असे आपल्याला वाटेनासे झाले आहे.

हा विषय निघाला की तो केवळ भाषाभिमानाचा आहे असे म्हणून बाजूला सारला जातो. तो भाषाभिमानाचा आहेच. पण त्याहून आधी तो जिवाचा आहे. कारण औषधाच्या प्रकाराचे नाव हे नुसते नाव नसते, ती एक आज्ञा असते. टॅब्लेट, कॅप्सूल, सिरप हे शब्द आता मराठी माणसाच्या तोंडी रुळले आहेत. त्यांच्याविषयी कोणाची तक्रार नाही. अडचण या शब्दांना जोडून येणाऱ्या विशेषणांची आहे. ‘सब्लिंग्वल’ म्हणजे जिभेखाली ठेवायची गोळी. हृदयविकाराच्या रुग्णाला छातीत दुखू लागताच दिली जाणारी आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी या प्रकारात मिळते. जिभेखालून ती त्वरेने रक्तात उतरते. गिळली तर तो मोलाचा वेळ वाया जातो. ‘च्यूएबल’ ही चावून खायची, ‘लॉझेंज’ ही चघळायची, ‘डिस्पर्सिबल’ ही पाण्यात विरघळवून घ्यायची. ‘एन्टरिक कोटेड’ गोळीवरचे आवरण जठरातील आम्लात टिकून पुढे आतड्यात विरघळावे यासाठी असते. ‘सस्टेन्ड रिलीज’ किंवा नुसती ‘एसआर’ ही दोन अक्षरे असलेल्या गोळीतील औषध काही तासांत हळूहळू बाहेर पडावे अशी तिची रचना असते.

आता आपल्या घरांतील एक प्रेमळ प्रथा आठवून पाहावी. सासऱ्यांना मोठी गोळी गिळवत नाही, म्हणून सून ती खलात कुटते आणि मधातून चाटवते. हेतू सेवेचा असतो, पण गोळी ‘एसआर’ असेल तर दिवसभरात पसरून मिळायची मात्रा एकदमच पोटात जाते. त्या सुनेला दोष कसा द्यावा? ‘ही गोळी कुटू नये, तोडू नये, अखंड गिळावी’ एवढे आठ शब्द मराठीत त्या पाकिटावर असते, तर ती चूक झालीच नसती.

लहान मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर आहे. तापावरचे पॅरासिटामॉल ‘ड्रॉप्स’ आणि ‘सिरप’ अशा दोन्ही रूपांत मिळते. बहुधा कंपनीचे नाव तेच असते, चित्रही सारखेच असते. पण थेंबांच्या बाटलीत सामान्यतः एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधाच्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये सुमारे १२५ मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीतून कोणी पाच मिलिलिटरचा चमचा भरून पाजला, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम म्हणजे चौपट औषध गेले. दोन बाटल्यांत फरक सांगणारा शब्द एकच, आणि तोही आईला न वाचता येणाऱ्या लिपीत!

इंग्रजी येणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. दम्याच्या काही औषधांची भुकटी कॅप्सूलमध्ये भरलेली असते आणि ती यंत्रात घालून श्वासावाटे ओढायची असते. ‘कॅप्सूल’ म्हटले की गिळायची, या समजुतीने अनेक रुग्ण ती गिळून मोकळे होतात. असे प्रकार अमेरिकेतही घडले आणि २००८ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाला त्याबद्दल जाहीर सूचना काढावी लागली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांनाही नुसते औषधाच्या प्रकाराचे नाव पुरत नाही. गिळा, चावा, विरघळवा, ओढा, लावा, असे क्रियापदच लागते. क्रियापद माणसाला जितक्या लवकर मातृभाषेत कळते, तितके दुसऱ्या कोणत्याही भाषेत कळत नाही.

गंमत अशी, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जिला आपण इंग्रजी समजतो ती बरीचशी इंग्रजी नव्हेच. ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एसओएस’, ‘एचएस’ ही लॅटिन शब्दसमूहांची आद्याक्षरे आहेत. दिवसातून दोनदा, तीनदा, गरज पडल्यास, झोपताना, एवढाच त्यांचा अर्थ. ज्या इंग्रजांकडून आपण ही रीत घेतली, त्यांनी तिचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. लंडनच्या वैद्यमंडळाने १६१८ मध्ये औषधांचा अधिकृत ग्रंथ सिद्ध केला तो लॅटिनमध्ये. सामान्य इंग्रज माणसाला त्यातले अक्षर कळत नव्हते. १६४९ मध्ये निकोलस कल्पेपर या औषधी जाणणाऱ्या गृहस्थाने त्या मंडळाची अनुमती न घेता त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. प्रतिष्ठितांनी त्याच्यावर टीकेचा भडिमार केला. पण त्याची पुस्तके गोरगरिबांच्या घरांत पोहोचली. पुढे १८६४ मध्ये ब्रिटनचा राष्ट्रीय औषधिग्रंथ निघाला तो इंग्रजीतच. आज तेथील डॉक्टरांना दिलेले मार्गदर्शनही असेच आहे, की औषध कसे घ्यावे हे शक्यतो संक्षेप न वापरता सरळ इंग्रजीत लिहावे. इंग्रजांनी आपल्या लोकांसाठी लॅटिन सोडली. आपण मात्र त्यांची इंग्रजी आणि त्यांनी सोडलेली लॅटिन, दोन्ही सांभाळून बसलो आहोत.

‘शास्त्रीय विषय मराठीत कसा सांगणार?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. त्यामागे मराठी शब्द गावंढळ आणि इंग्रजी शब्द शास्त्रीय, अशी समजूत असते. पण त्या शास्त्रीय शब्दांची कुळी कोणती? ‘पिल’चे मूळ लॅटिनमध्ये लहानसा गोळा; म्हणजे नेमकी आपली गोळी. ‘टॅब्लेट’ म्हणजे लहान फळी, ‘कॅप्सूल’ म्हणजे छोटी पेटी. ‘सिरप’ आणि आपले ‘सरबत’ ही तर एकाच अरबी धातूची लेकरे. त्यांनी घरातले साधे शब्द उचलले आणि वापराने त्यांना प्रतिष्ठा दिली. प्रतिष्ठा शब्दांत नसते, ती वापरणाऱ्यांच्या मनात असते.

आपल्याकडे तर या क्षेत्रातील शब्दसंपत्ती अक्षरशः ओसंडून वाहते. चरकसंहितेने एकाच वनस्पतीपासून औषध सिद्ध करण्याच्या पाच रीती सांगितल्या: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. शार्ङ्गधरसंहितेचा मध्यम खंड औषधांच्या रूपांना वाहिलेला आहे. वटी, गुटिका, चूर्ण, अवलेह, घृत, तैल, आसव, अरिष्ट, लेप, वर्ती यांतील प्रत्येक शब्दाला निश्चित अर्थ आहे. ‘अनुपान’ या एका शब्दात औषध कशाबरोबर घ्यावे हा सारा विचार सामावला आहे. बोलीतही काढा, चाटण, मलम, गुटी, मात्रा हे शब्द जिवंत आहेत. ‘मात्रा लागू पडणे’ आपण राजकारणातसुद्धा बोलतो. राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारण राज्य आपले झाल्यावर त्याचा व्यवहारही आपल्या भाषेत व्हावा ही त्यांची दृष्टी होती. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने औषधशास्त्राचा परिभाषा कोशही सिद्ध केलेला आहे. कोश कपाटात आहेत. पाकिटावर मात्र त्यांतला एक शब्दही नाही.

याचे कारण कायद्यात आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० चा आणि त्याखालील नियम १९४५ चे. वेष्टनावर काय काय छापावे याची बारीक यादी त्या नियमांत आहे; पण वापराची सूचना रुग्णाच्या भाषेत असलीच पाहिजे, असे सरसकट बंधन नाही. याउलट कीटकनाशकांचे १९७१ चे नियम पाहावेत. कीटकनाशकाबरोबरचे माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातील एकदोन प्रादेशिक भाषांत असावे, असे ते नियम सांगतात. म्हणजे कपाशीवरच्या किडीसाठी आणलेल्या विषाने शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावे आणि त्याच शेतकऱ्याने स्वतःच्या रक्तदाबासाठी आणलेल्या गोळीने बोलू नये! यापेक्षा मोठी विसंगती कोणती?

युरोपीय संघाने २००१ च्या निर्देशान्वये औषधाचे वेष्टन आणि माहितीपत्रक त्या त्या देशाच्या राजभाषेत असण्याचा सर्वसाधारण नियम केला आहे. अंधांसाठी औषधाचे नाव ब्रेलमध्येही उमटवावे लागते. एस्टोनियाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आतबाहेर, तरीही तेथील आजी आपले औषध आपल्या भाषेत वाचते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक या देशात आहेत. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी बंधनकारक करणारी सुधारणा झाली. त्यामुळे औषधाच्या दुकानाची पाटी मराठीत आली; पाटीखालून बाहेर पडणारी पिशवी मात्र अजून इंग्रजीतच आहे.

कंपन्यांची एक अडचण खरी आहे. एकाच कारखान्यातील गोळी केरळातही जाते आणि काश्मिरातही. बोटाएवढ्या पट्टीवर किती भाषा छापणार? पण औषधाचे मूळ नाव बदला असे कोणी म्हणतच नाही. ते नाव जगभर एकच असावे, त्यातच रुग्णाचे हित आहे. मागणी आहे ती वापराच्या सूचनेची. निवडक ३०० औषधांच्या वेष्टनांवर २०२३ पासून क्यूआर कोड अनिवार्य झाला आहे. त्यामागे सर्व भारतीय भाषांतील माहिती ठेवण्यास जागेची अडचण नाही. ज्यांच्या हाती स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी दुकानदाराने एक मराठी चिकटपट्टी लावावी: नाव, किती, केव्हा, कसे. आजही अनेक दुकानदार पाकिटावर ‘१-०-१’ असे आकडे लिहून सकाळ-दुपार-रात्र समजावतात. आकड्यांच्या जागी शब्द येण्यास फारसा खर्च नाही. डॉक्टरांनी औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम २०१६ मध्ये झालाच आहे; त्याच चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ हा शब्द मराठीत लिहिण्यास कोणाची मनाई आहे?

मराठीच्या अभिमान्यांनीही एक पथ्य पाळले पाहिजे. मराठीकरण म्हणजे अवघड शब्दांची नवी भिंत उभारणे नव्हे. ‘कॅप्सूल’ लोकांना कळत असेल तर ती कॅप्सूलच राहू द्यावी. पण ‘पाण्याबरोबर गिळावी’ हे शब्द मराठीत असावेत. शब्द कोणाचा यापेक्षा अर्थ कोणापर्यंत पोहोचला, ही कसोटी मानावी.

शासनाकडे मागणी करणे हे आपले कर्तव्य आहेच, पण शासनाची वाट पाहत बसणे हा आपला स्वभाव नव्हे. येत्या रविवारी प्रत्येक कुटुंबाने घरातील औषधांचा डबा उघडावा. डॉक्टरांना किंवा दुकानातील औषधनिर्मात्याला विचारून प्रत्येक पाकिटावर ठळक मराठीत चिठ्ठी चिकटवावी: कशासाठी, केव्हा, कशी घ्यायची. नातवाने लिहावी, आजीने वाचून पाहावी. मग शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकांचा डबा घ्यावा. सेवावस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आरोग्य तपासणीच्या दिवशी औषधाबरोबर ही चिठ्ठीही द्यावी, आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी सूर्य, चंद्र आणि ताट यांची चित्रे काढावीत. गावातील औषध दुकानदारांना भेटून मराठी चिकटपट्टीचा आग्रह धरावा; तो संघर्षाचा नव्हे, सहकार्याचा विषय आहे.

भाषा टिकते ती गौरवगीतांनी नव्हे, गरजेच्या क्षणी उपयोगी पडल्याने. मध्यरात्री छातीत कळ येते तेव्हा थरथरत्या हाताने उचललेल्या पाकिटावर ‘जिभेखाली ठेवा’ हे शब्द दिसणे, हा मराठीच्या अभिजातपणाचा सर्वांत खरा पुरावा ठरेल. तो प्रत्येक घरात दिसावा, यासाठी आपण आपल्या घरापासून प्रारंभ करू या.