लेथची किंमत आणि नगाची किंमत

बंगळुरूचे पीण्या असो, राजकोटजवळचे मेटोडा असो वा बेळगावचे उद्यमबाग, औद्योगिक वसाहतीतून बँकेत येणाऱ्या यंत्रखरेदीच्या प्रस्तावाला बहुधा तीन कोटेशने जोडलेली असतात. सर्वांत कमी किमतीवर खूण केली की निवड झाली, असे उद्योजक मानतो आणि खरे सांगायचे तर बँकही तेच मानते. सीएनसी लेथच्या बाबतीत ही पद्धत अपुरी ठरते. हप्ता फिटायचा असतो तो यंत्रावरून उतरणाऱ्या नगांतून, आणि त्या नगाविषयी कोटेशनात अवाक्षर नसते.

समजा, दोन यंत्रांच्या किमतीत पाच लाखांचे अंतर आहे. स्वस्त यंत्रावर एक नग, चढवण्या-उतरवण्यासह, ७२ सेकंदांत होतो. महागावर ६४ सेकंदांत. दोन पाळ्यांच्या १६ तासांतील ८० टक्के वेळ हाती लागला, तर दिवसाला अनुक्रमे ६४० आणि ७२० नग निघतील. महिन्याचे २५ दिवस आणि नगामागे नऊ रुपये मजुरी धरल्यास महाग यंत्र दरमहा १८,००० रुपये जादा मिळवते. पाच लाखांचा साडेदहा टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता सुमारे १०,७५० रुपये. टूलिंग आणि विजेचा वाढीव खर्च वजा जाता तरीही महाग यंत्र परवडते. पण ग्राहक महिन्याला १६,००० नगच उचलणार असेल, किंवा पुढचे ग्राइंडिंगच ६४० वर अडत असेल, तर ते आठ सेकंद कागदावरच राहतात आणि जादा हप्ता मात्र खरा असतो.

दुसरा हिशेब बंद पडलेल्या यंत्राचा. सुटा भाग आणि तंत्रज्ञ यांची वाट पाहत चार दिवस गेले, तर ६४० नगांच्या यंत्रावर २३,०४० रुपयांची मजुरी बुडते. म्हणजे वेगवान यंत्राच्या महिन्याभराच्या जादा कमाईहून अधिक. म्हणून विक्रेत्याचा सेवातंत्रज्ञ कोणत्या गावी राहतो, हा प्रश्न स्पिंडलच्या कमाल फेऱ्यांआधी विचारावा. कामगारांचा हात फानुकवर बसला आहे की सीमेन्सवर, हेही पाहावे. जीएसटीची जमा मिळत असल्यास तुलना कराविना किमतींची करावी.

माहितीपत्रकातील मायक्रॉनना फारसे भुलू नये. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस; आपल्याकडील पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ते कोठून आणणार? पोलाद दर अंशाला मीटरमागे ११-१२ मायक्रॉन प्रसरण पावते. अर्ध्या मीटरचा बॉलस्क्रू पाच अंश तापला, तर सकाळचा पहिला नग आणि दुपारचा नग यांत फरक पडणारच. तो यंत्र कितपत सावरून घेते, हे पाहायचे. लिनियर गाइडवे चपळ असतात आणि हलक्या, लहान नगांना सोयीच्या. खोल काप घ्यायचे असतील, तर बॉक्सवेचा भारदस्तपणा उपयोगी पडतो.

बँकेने तीन कोटेशनांच्या जोडीला आणखी एक कागद मागितला पाहिजे: उद्योजकाच्याच नगाच्या सलग पन्नास प्रतींची मापे आणि प्रत्येकीला लागलेला वेळ. अनेकदा या कर्जापायी राहते घर गहाण पडते; त्या मानाने चाचणीचा एक दिवस जास्त नव्हे. फोर्जिंग मात्र स्वतःचेच न्यावे. ॲल्युमिनियमची बुद्धिबळाची सोंगटी झकास कापून दाखवणारे यंत्र पोलादावरील काळ्या, कडक पापुद्र्याशी कसे वागते, ते एरवी समजत नाही.