झेंडी हाताशी नसेल तेव्हा

मंडळी, आजची पोस्ट जरा आडवळणाची आहे. मराठीचा निवृत्त मास्तर संगणकाच्या कागदपत्रांत नाक खुपसतोय म्हणून सुरतेकडचे आमचे भाऊबंद हसतील. हसू देत! विषय संगणकाचा असला तरी भांडण भाषेचंच आहे, आणि त्यात माझा अधिकार थोडाफार चालतो.

आधी आमच्या नवापूर स्टेशनाबद्दल. बाहेरगावच्या वाचकांना सांगतो, सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. बांधलं तेव्हा दोन्ही एकाच मुंबई प्रांतात होतं. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि हद्द नेमकी फलाटावरून गेली. तिथलं एक बाकडं दोन राज्यांत विभागलेलं आहे, लोक येऊन फोटो काढतात. घोषणा चार भाषांत होतात. गंमत सोडा, पण फलाट एकच असला तरी दारूबंदीचा कायदा अर्ध्या फलाटावरच लागू आहे. माणूस तोच, कृत्य तेच. पाय कुठे आहेत त्यावर गुन्हा ठरतो.

आता संगणक. संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामला बाहेरून इशारा देता येतो, त्याला सिग्नल म्हणतात. प्रत्येकाला नाव आणि क्रमांक असतो. कंट्रोल आणि सी ही बटणं एकदम दाबली की लिनक्सवर २ नंबरचा जातो. १५ नंबरचा म्हणजे 'आता आवरा' अशी विनंती. ९ नंबरचा म्हणजे थेट गचांडी, तो अडवता येत नाही की त्यावर काही करता येत नाही. बाकीच्या बहुतेकांसाठी प्रोग्राम लिहिणारा आधीच सांगून ठेवू शकतो की अमुक इशारा आला तर हे फंक्शन चालव. म्हणजे हातातलं काम वहीत उतरवून, कुलूप लावून मग निघता येतं. आजकाल मोठ्या यंत्रणांमध्ये आधी १५ नंबर पाठवतात आणि थोडा वेळ वाट बघून ९ नंबर. डॉकर नावाच्या प्रणालीत ही मुदत मुळात १० सेकंदांची असते, कुबरनेटीजमध्ये ३० सेकंदांची. तेवढ्यात आवरलं तर आवरलं.

हे सगळं मला माझ्या नातीमुळे कळलं. तिने आमच्याच तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी पायथॉन भाषेत छोटा प्रोग्राम लिहून दिला. कोणी किती लिटर दूध घातलं, फॅट किती, एवढंच. नोंदी थोडा वेळ मेमरीत साठवायच्या आणि मग फाइलमध्ये उतरवायच्या, अशी रचना होती. बंद करण्याचा इशारा आला तर उरलेल्या नोंदी उतरवून मगच थांबायचं, हेही तिने लिहिलं होतं. तिच्या लिनक्सच्या यंत्रावर दहा वेळा तपासलं, चोख चाललं. केंद्रात मात्र विंडोज. तिथे रात्री दुसरा एक प्रोग्राम याला १५ नंबर पाठवून बंद करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी संध्याकाळच्या शेवटच्या नोंदी गायब! ज्यांच्याकडे कागदी पावत्या होत्या त्यांचं दूध पुन्हा चढवलं. एका म्हातारबाबांनी पावती घेतलीच नव्हती. दहा दिवसांच्या पैशांवर ज्याचं घर चालतं, त्याच्यासाठी एका वेळचं दूध ही लहान रक्कम नसते. ती पुढे नातीने स्वतःच्या खिशातून दिली.

कारण शोधताना ती मला फोनवर कागदपत्रं वाचून दाखवत होती. विंडोजवर पायथॉनच्या ओएस मॉड्यूलमधल्या किल फंक्शनने १५ नंबर पाठवला तर तो विनंती राहतच नाही. दोन खास अपवाद सोडले तर काहीही पाठवा, समोरचा प्रोग्राम बिनशर्त मारला जातो. आवरायला सेकंदसुद्धा मिळत नाही. नाव तेच, क्रमांक तोच, फक्त पाय हद्दीच्या पलीकडे! संगणकवाले यालाही 'प्लॅटफॉर्म' म्हणतात हे ऐकून मी मोठ्यांदा हसलो.

आता माझी तक्रार. हे लिहिलेलं नाही असं नाही. लिहिलेलं आहे, पण तिला सापडलं ते ओएस मॉड्यूलच्या पानावर, किल या फंक्शनखाली. ती मात्र सिग्नल मॉड्यूलचं पान वाचून बसली होती, आणि तिथे ती जाणं साहजिकच होतं. तिचं उत्तर असं, "आबा, तो संदर्भग्रंथ आहे, पाठ्यपुस्तक नव्हे. प्रत्येक गोष्ट एकदाच लिहायची असते." मला हे पटत नाही. शब्दकोशही संदर्भग्रंथच असतो, पण शब्दाचं लिंग त्याच शब्दापुढे देतात, तिसऱ्या खंडात नाही.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. 'सिग्नल आल्यावर हे फंक्शन चालतं' असं वाक्य शिकवण्यांमध्ये सर्रास असतं. 'आल्यावर' हा शब्द फार फसवा आहे. प्रत्यक्षात पायथॉनमध्ये इशारा आला की आत फक्त एक खूण केली जाते. तुमचं फंक्शन नंतर, सवडीने, आणि तेही मुख्य धाग्यातच चालतं. मध्ये एखादं सी भाषेत लिहिलेलं लांबलचक काम चालू असेल, समजा मोठ्या मजकुरातला शोध, तर ते संपेपर्यंत तुमचं फंक्शन ताटकळत उभं. पायथॉनच्या पानावर हे स्पष्ट सांगितलं आहे, त्याबद्दल त्यांचं कौतुकच. एक उदाहरण तर अगदी फळ्यावर शिकवल्यासारखं आहे. ओळींच्या मध्ये शेरे दिलेत की इथे व्यत्यय आला तर काही बिघडत नाही, इथे आला तर पुढचं आवरणं होणारच नाही. असं लिहिणारा माणूस कधीतरी शिक्षक असला पाहिजे!

गो नावाच्या भाषेतलं सिग्नलचं पानही तिने वाचून दाखवलं. तिथे इशारे एका पेटीत येतात. पेटी भरलेली असेल तर आणणारा थांबत नाही, इशारा टाकून देऊन निघून जातो. पेटी पुरेशी मोठी ठेवणं ही तुमची जबाबदारी, असं ते फंक्शनच्या वर्णनातच सांगतात. मला हे आवडलं. काय होत नाही, ते तिथल्या तिथे सांगितलं.

रेल्वेवाल्यांची याबाबतची शिस्त जुनी आहे. भारतीय रेल्वेचे १९७६ चे सामान्य नियम आहेत, शिवाय प्रत्येक स्टेशनाचे स्वतःचे वेगळे नियम असतात, कारण प्रत्येक फलाटाची अडचण निराळी. थांबण्याचा इशारा दिवसा लाल झेंडीने द्यायचा. पण नियम तिथे थांबत नाही. झेंडी नसेल तर दोन्ही हात वर करून उभं राहा. रात्री लाल दिवा नसेल तर पांढराच दिवा जोरजोराने आडवा हलवा. धुक्यात सिग्नल दिसत नसेल तर रुळावर फटाके लावतात, चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला कळतं. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तर तो आपोआप धोक्याच्याच स्थितीला जातो. बिघडलं तर काय, याचा विचार आधी केलेला आहे, आणि तोही ज्याला गरज पडेल त्याच्या पुस्तकात. पॉइंट्समनला तो नियम तिकीट तपासनिसाच्या पुस्तकात शोधावा लागत नाही.

कोणी म्हणेल, हे फुकटचं काम करणारे लोक, त्यांना आणखी किती बोलणार? खरं आहे. पायथॉनची कागदपत्रं बरीचशी स्वयंसेवकांनी लिहिलेली आहेत आणि कुणालाही दुरुस्ती सुचवता येते. म्हणून मी नातीच्या मागे लागलो की तूच सुचव. तिने सिग्नलच्या पानासाठी दोन वाक्यांची सूचना इंग्रजीत लिहून मला पाठवली. इंग्रजी मला बेताचंच कळतं, पण पहिलं वाक्य कर्मणी प्रयोगात होतं आणि मारणारा कोण ते त्यात गुलदस्त्यात राहिलं होतं, एवढं कळलं. तेवढं बदलून घेतलं. वाक्य कुठे घालायचं यावर मात्र आमचं जुळत नाही. ती म्हणते खाली टिपेत, मी म्हणतो १५ नंबरच्या नावालगत. रविवारी तिचा फोन येईल तेव्हा पुन्हा वाजेल आमचं.